बेरीज बरोबर आहे

माणसाचा खरा स्वभाव कळायचा असेल तर त्याच्याकडे पैसे उसने मागावेत, असं जुने लोक म्हणत. मी त्यात थोडी भर घालतो. माणसाचा स्वभाव पैसे मागितल्यावर कळतो. संस्थेचा स्वभाव मात्र तिला पैसे परत करायला गेल्यावर कळतो. मागणाऱ्यासाठी प्रत्येक कचेरीत एक खिडकी असते. खिडकीवर पाटी असते, पाटीखाली रांग असते आणि रांगेच्या शेवटी 'उद्या या' असतं. सगळी व्यवस्था चोख. पण एखादा माणूस "हे तुमचे पैसे चुकून माझ्याकडे आलेत, घ्या," असं म्हणत गेला, की त्या कचेरीचा पायाच हादरतो. अशा माणसासाठी खिडकी नसते, फॉर्म नसतो, रांगही नसते. असतो तो फक्त संशय.

मी स्वतः चौतीस वर्षं बँकेत काढली. चुका बँकेतही होतात, पण बँकेने आपल्या चुकांना राहायला एक खोली बांधून दिलेली असते. तिला उचंत खातं म्हणतात. ज्या रकमेचा आगापिछा कळत नाही ती उचंत खात्यात टाकायची आणि सावकाश तिचा धनी शोधायचा. निवृत्त झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपल्या मनातही असं एक खातं असतं. 'हे माझं नाही, पण परत तरी कुणाला करू?' असल्या सगळ्या गोष्टी तिथे पडून असतात. फरक इतकाच, की बँकेत अधूनमधून तपासनीस येऊन "ही रक्कम अजून इथे का?" म्हणून खडसावतो. मनाच्या खात्याला ऑडिट नाही.

हे सगळं तत्त्वज्ञान मला हिंजवडीत सुचलं. हिंजवडी हे तत्त्वज्ञान सुचण्याचं ठिकाण आहे असं कुणी म्हणणार नाही, पण ज्याने शिवाजी चौकातल्या वाहतुकीच्या कोंडीत पाऊण तास रिक्षात बसून काढला आहे त्याला माझं म्हणणं पटेल. मुलगा आयटी पार्कात नोकरीला, म्हणून आम्ही दोघं सदाशिव पेठ सोडून त्याच्या फ्लॅटवर आलो. पेठेत पत्ता सांगायला मारुती नाहीतर गणपती लागे. इथे फेज वन, फेज टू असे टप्पे सांगावे लागतात. देव आहे, नाही असं नाही. म्हातोबा आहे, चैत्रात त्याचं बगाड निघतं, आणि ते पाहायला काचेच्या इमारतींतली पोरंपोरी मोबाईल उंच धरून उभी असतात.

माझी भाची आमच्याकडे शनिवार-रविवार येते. धाकट्या बहिणीची मुलगी, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. हिंजवडीच्या शेजारच्या गावाचं नावही माणच. त्यामुळे ती गावाहून आली की "माणहून आले" म्हणते आणि आमचे शेजारी "इतक्या जवळून आलीस, मग पिशव्या का एवढ्या?" असं विचारतात. दोन्ही माणांत फरक एवढाच, की त्या माणला पाण्याची वाट पाहतात आणि या माणला बसची. पोरगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही; आपल्या पोरांची जी विद्यापीठं असतात त्यांतलंच एक समजा. २०२४ साली सरकारने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली, हे फार चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून भूक माफ होत नाही. खाणावळ, पुस्तकं, बस हे सगळं उरतंच. त्यासाठी तिने विद्यापीठाच्या स्वतःच्या साहाय्य निधीकडे अर्ज केला होता. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आणि तो दाखला खरा असल्याचा दाखला, असं सगळं जोडून झाल्यावर अठरा हजार रुपये मंजूर झाल्याचं पत्र आलं.

आणि मार्चच्या अखेरीला खात्यात एक लाख ऐंशी हजार जमा झाले.

"मामा, हे बघा," म्हणून तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून आकडा उजवीकडून डावीकडे मोजला, मग डावीकडून उजवीकडे मोजला. एकं, दहं, शतं... बँकेतल्या माणसाला शून्य कळतं. शून्य एकटं असेपर्यंत गरीब असतं; दुसऱ्याच्या उजव्या हाताला बसलं की माजतं.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्ट तळमजल्यावर पोचण्याइतकाच वेळ लागला. आमचे सेक्रेटरी हे व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "गप्प बसा. वर्षभराची मुदत ठेव करा. मागितले तर मुद्दल तोंडावर फेका, व्याज आपलं." मी म्हटलं, "झाड त्यांचं आणि आंबे आपले?" त्यावर ते म्हणाले, "तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण काय उगाच आहे?" या म्हणीची गंमत अशी, की ती लोकांनी तळं राखणाऱ्याला टोमणा मारायला केली आणि तळं राखणाऱ्यांनी ती परवाना म्हणून भिंतीवर टांगली.

आमच्या हिने दुसरीच म्हण काढली. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आता त्या घोड्याला दाणापाणी कोण करणार?"

सी विंगमध्ये एक वकील आहेत. त्यांनी दारातच निकाल दिला. "कलम बहात्तर, भारतीय करार कायदा, १८७२. चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत केलेच पाहिजेत. कलमही बहात्तर, सालही बहात्तर. विसरले होते म्हणायला सोय नाही."

"पण त्यांची चूक, त्याला आम्ही काय करणार?" सेक्रेटरींनी आमच्या वतीने तोंड घातलं.

"चूक कुणाची हे कलम विचारत नाही. पैसे कुणाचे एवढंच विचारतं." मग त्यांनीच दुसरी बाजूही सांगितली. सरकारने चुकून जास्त दिलेला पगार तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाच्या कर्मचाऱ्यांकडून, किंवा निवृत्त झालेल्यांकडून वसूल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रफीक मसीह प्रकरणात सांगितलं आहे. पाच वर्षांहून अधिक काळ जास्त पगार दिला असेल तर तोही परत मागता येत नाही. म्हणजे जो गरीब माणूस चुकीच्या पैशाला खरा समजून त्यावर आपला संसार उभा करून बसला, त्याचा संसार उपटू नये. मला हा विचार फार आवडला. पण भाची म्हणाली, "ते बिचारे खरा पगार समजले होते. मला तर पहिल्या मिनिटालाच कळलं." यावर वकीलसाहेब गप्प बसले. फी न घेता ते एवढाच वेळ बोलतात.

रात्री मुलाने जेवताना दक्षिण आफ्रिकेची हकिकत सांगितली. तिथल्या वॉल्टर सिसुलू विद्यापीठातल्या एका मुलीला २०१७ साली जेवणाच्या भत्त्याचे चौदाशे रँड मिळायचे होते. ते वाटणाऱ्या कंपनीच्या चुकीने तिच्या नावावर एक कोटी चाळीस लाखांहून जास्त रँड पडले. मुलगी कुणाला काही बोलली नाही. अवघ्या काही महिन्यांत आठेक लाख रँड खर्च केले. २०२२ साली तिला चोरीबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढे २०२३ मध्ये अपिलात तुरुंगवास टळला आणि समाजसेवेवर भागलं. "दुकानात जाताना तिला आनंद होत असेल का रे?" आमच्या हिने विचारलं. मुलगा म्हणाला, "आई, तो तपशील पेपरात नसतो." पण प्रश्न बरोबर होता. चूक करणाऱ्याचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. चुकीचा फायदा घेणाऱ्याचं मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहतं. वरून मोह टाकणारा सुटतो आणि खाली झेलणारा सापडतो.

तरी मोह म्हणजे काय हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. भाचीने गावी फोन केला. मेहुणे ऐकून बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एवढ्यात बोअर होतंय गं." बस्स, एवढंच. ज्या घरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात त्या घरातला माणूस एक लाख बासष्ट हजारांकडे पाहून आणखी काय म्हणणार? सेक्रेटरींचा लोभ हसण्यावारी नेता येतो. याला लोभ म्हणायला माझी जीभ रेटेना. नीतीची पुस्तकं भरल्या पोटाने लिहिलेली असतात असं म्हणतात. सकाळी सहाला पुन्हा मेहुण्यांचा फोन आला. "देऊन टाक म्हणावं. पाणी लागायचं तर आपल्या पैशानं लागू दे." मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण इतकं थोडक्यात आटोपलेलं निरूपण पहिलंच.

तर परत द्यायचं ठरलं. इथून खरी गंमत.

शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीवर तक्रारीचा छापील अर्ज होता. त्यात दोनच चौकोन: 'रक्कम मिळाली नाही' आणि 'रक्कम कमी मिळाली'. भाचीने विचारलं, "जास्त मिळाली, याला कुठे खूण करू?" खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "जास्त मिळाली? मग तक्रार कसली?" तिला लेखा विभागात धाडलं. लेखा विभागाने वही काढली, संगणक काढला, आणि म्हटलं, "निधीतून एक लाख ऐंशी हजार गेले. मंजुरी एक लाख ऐंशी हजारांची. बेरीज बरोबर आहे. चूक नाहीच."

"अहो, पण सगळे मलाच आलेत."

"ते वाटप झालं. वाटप आमच्याकडे नाही. आमच्याकडे बेरीज."

तेव्हा पोरीला उलगडा झाला. सूचनाफलकावर यादी होती. दहा विद्यार्थी, प्रत्येकी अठरा हजार, एकूण एक लाख ऐंशी हजार. तिचं नाव पहिलं. कुणीतरी बँकेची फाईल करताना खालची बेरीज उचलून वरच्या ओळीत ठेवली होती. म्हणजे ते शून्य आकाशातून पडलेलं नव्हतं. ते नऊ जणांच्या खिशातून आलं होतं. आणि त्या नऊ जणांच्या नावांपुढे शिक्का होता: 'निधी संपल्यामुळे पुढील तरतुदीनंतर विचार केला जाईल.'

वाचकहो, इथपर्यंत हा प्रश्न प्रामाणिकपणाचा होता, आणि प्रामाणिकपणा ही तशी सोपी गोष्ट आहे. विद्यापीठाचे पैसे विद्यापीठाला द्यायचे, हात झटकायचे आणि रात्री शांत झोपायचं. पण त्या यादीत पाचवं नाव भाचीच्या खोलीतल्या मुलीचं होतं. नंदुरबारकडची पोर. खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकलेले, आणि खाणावळवाल्याने एक तारखेपासून ताट बंद करण्याची गोड शब्दांत सूचना दिलेली. शनिवारी आली तेव्हा भाची जेवलीच नाही. म्हणाली, "मामा, तिचे अठरा हजार माझ्या खात्यात आहेत. आत्ता मोबाईलवरून पाठवले तर एका मिनिटात तिला मिळतील. विद्यापीठाला दिले तर कधी मिळतील सांगता येत नाही. मग बरोबर काय?"

या प्रश्नावर थोर लोकांनी डोकं खाजवलेलं आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या आरंभीच एक म्हातारा म्हणतो, की खरं बोलणं आणि ज्याचं त्याला परत करणं म्हणजे न्याय. त्यावर सॉक्रेटिस विचारतो, की मित्राने शहाणा असताना शस्त्र ठेवायला दिलं आणि डोकं फिरल्यावर परत मागितलं, तर द्यायचं का? मला वाटतं सॉक्रेटिसाला आमच्या विद्यापीठाच्या लेखा विभागाचा अनुभव असावा. उलट कान्ट म्हणतो (१७८८ सालच्या ग्रंथात त्याने ठेवीचंच उदाहरण घेतलं आहे), की ठेव ठेवणारा मेला, कागद नाही, साक्षीदार नाही, तरी ठेव लाटता येणार नाही. कारण लाटायची असा सर्वांनी नियम केला तर जगात ठेव नावाची वस्तूच उरणार नाही. चौतीस वर्षं ठेवींवर पगार घेतलेल्या माणसाला कान्ट पटतोच.

मी मामाच्या भारदस्त आवाजात म्हटलं, "तिला दिलेस तर बाकीच्या आठांना काय सांगशील? नवव्या नंबरचा मुलगा तुझ्या खोलीत राहत नाही, म्हणून त्याची भूक कमी का? वाटपाचं काम तुला कुणी दिलं?"

"पण मामा, तिचं रिकामं ताट रोज मी बघते. रजिस्ट्रारसाहेब बघत नाहीत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कान्टकडे असावं, पण ते जर्मन भाषेत आहे. शेवटी पोरीनेच वाट काढली. स्वतःच्या अठरा हजारांतले नऊ हजार तिने मैत्रिणीला दिले. "हे माझे आहेत, हे कुणालाही देईन. ते एक लाख बासष्ट हजार माझे नाहीत, त्यातला रुपया हलवणार नाही." दान आपल्या पैशाने करावं आणि न्याय दुसऱ्याच्या पैशाने, या दोन खात्यांची गल्लत करू नये, हे तिला या वयात कळलं. मोठमोठ्या संस्थांना ते शताब्दी साजरी झाली तरी कळत नाही.

तसं पाहिलं तर विद्येसाठी पैसे वाटताना गोंधळ होणं ही आपल्या मुलखाची जुनी परंपरा आहे. विद्वानांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावला सुरू केली. तळेगाव हिंजवडीपासून फार लांब नाही. १७३१ साली डभईच्या लढाईत दाभाडे हरले आणि ती दक्षिणा पुण्याला पेशव्यांकडे आली. पुढे गर्दी एवढी वाढली, की पर्वतीच्या पायथ्याशी रमणा बांधावा लागला. सगळ्यांना आत घ्यायचं आणि दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची, म्हणजे तोच शास्त्री पुन्हा रांगेत शिरायला नको. दोनदा घेणाऱ्याला अडवायची युक्ती पेशव्यांना सुचली होती. नऊ जणांचं एकाच्याच हातावर पडलं तर काय, ही अडचण बहुधा त्यांच्याही डोक्यात आली नसावी. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की हा पैसा मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही द्या. त्यावर सनातन्यांनी जो गहजब केला त्याची कल्पना पुणेकरांना द्यायला नको. मुद्दा तोच: पैसा कुणाचा, आणि तो कुणाला मिळायला हवा?

आणि मुळशी तालुक्यात राहून शिष्यवृत्तीबद्दल बोलायचं तर सेनापती बापटांना कसं विसरणार? १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह उभारणारे बापट तरुणपणी मुंबई विद्यापीठाच्या मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेले होते. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. देणाऱ्याला नेहमी वाटतं, की पैशाबरोबर आपण माणसाची जीभही विकत घेतली. भाचीला हीच भीती होती. "फार लिहिलं तर पुढच्या वर्षी माझीच मदत बंद करतील, मामा." मी म्हटलं, "तू काही इंग्रजी राज्याविरुद्ध बोलत नाहीस." ती म्हणाली, "लेखा विभागाविरुद्ध बोलतेय, ते त्याहून अवघड आहे."

एप्रिलमध्ये आणखी एक गंमत झाली. ३१ मार्चला वर्ष बंद झालं. आता परत आलेले पैसे घ्यायला 'लेखाशीर्ष' नाही, असं उत्तर मिळालं. लेखाशीर्ष म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. हे डोकं नसलं की पैशाला धड राहत नाही. त्याच आठवड्यात तपासणी विभागाची नोटीस आली: 'आपण मर्यादेपेक्षा जास्त रक्कम घेतल्याचे निदर्शनास आले असून ती आठ दिवसांत न भरल्यास कारवाई करण्यात येईल.' म्हणजे पहिल्या मजल्यावर पैसे घेत नव्हते आणि दुसऱ्या मजल्यावर पैसे न दिल्याबद्दल शिक्षा करणार होते. मधल्या जिन्यात माझी भाची डिमांड ड्राफ्ट घेऊन उभी.

त्या दिवसांत मी संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसे. तिथे गावातले एक आजोबा येतात. त्यांच्या जमिनीवर आता कुठल्यातरी कंपनीची काच उभी आहे. हकिकत ऐकून ते म्हणाले, "देताय ना परत? द्या. आमच्या वाट्याचं मोबदल्याचं पैसं सातबाऱ्याच्या घोळात चुलतभावाच्या नावानं निघालं. त्यो म्हनला, सायबानं दिलं, मी काय मागाय गेलतो? खरंच हाये की, मागाय नव्हता गेला. आता बगाडाला आम्ही दोघं एका बाजूला उभं ऱ्हात न्हाई. सायबाची बदली झाली. त्याला काय म्हाईत?" चूक करणाऱ्या साहेबाची बदली होते, चूक मात्र तिथेच राहते आणि दोन घरांच्या मध्ये भिंत होऊन उभी राहते. मला एकदम वसतिगृहातली ती खोली आठवली. दोन खाटा, मध्ये एक टेबल. पोरीने पैसे ठेवून घेतले असते, तर त्या टेबलाची भिंत व्हायला कितीसा वेळ लागला असता?

शेवटी मार्ग सापडला तो लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंमुळे. कचेऱ्या या नियमांनी चालतात असं आपण समजतो; त्या खरं म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या अशा एखाद्या बाईंमुळे चालतात. त्यांनी सात आठवडे हे येणं-जाणं पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "बाळ, परताव्याचं शीर्ष नाही. पण देणगीचं आहे. देणगी बारा महिने चोवीस तास घेतात."

"पण मी देणगी देत नाहीये. ते खोटं होईल," भाची म्हणाली. कान्ट ऐकता तर त्याने तिच्या पाठीवर हात फिरवला असता.

"फॉर्मवर 'देणगीचा उद्देश' अशी ओळ आहे. तिथे खरं ते लिही. आणि ऐक, उद्देश लिहिलेली देणगी दुसरीकडे वळवता येत नाही." एवढं बोलून बाईंनी पुन्हा मान खाली घातली.

भाचीने त्या ओळीत लिहिलं: 'माझ्या खात्यात चुकून जमा झालेली जास्त रक्कम. साहाय्य निधीच्या यादीतील क्रमांक दोन ते दहा यांना प्रत्येकी अठरा हजार देण्यासाठी.' ओळ लहान पडली, म्हणून शेवटचे शब्द समासात गेले. पण ते गेले आणि लागू पडले. बारा दिवसांत नऊ जणांच्या खात्यात पैसे आले. मैत्रिणीने नऊ हजार परत आणून दिले आणि वर गूळशेंगदाण्याचे लाडू आणले. जी गोष्ट सरळ रस्त्याने सात आठवड्यांत झाली नाही ती चुकीच्या नावाच्या खात्यातून झाली. बेरीज बरोबर असून न्याय चुकला होता. आता खातं चुकलं आणि न्याय बरोबर झाला. हिशेब आणि न्याय हे सख्खे भाऊ आहेत असं मी चौतीस वर्षं मानत होतो. ते चुलत असावेत.

रिक्षाचा प्रश्न मात्र राहिला. पोरीच्या अकरा फेऱ्यांचे पैसे कुणी द्यायचे? वकीलसाहेब म्हणाले, "कलम एकशे अडुसष्ट. सापडलेली वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला आलेल्या खर्चासाठी दावा लावता येत नाही. पण खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते." आमची ही म्हणाली, "हे आधी सांगायचं नाही का?" ते म्हणाले, "ते वस्तूंचं कलम आहे. पैशाला लावून पाहायचं तर फी पडेल." प्रामाणिकपणाला भाडं पडतं, ते ज्याचं त्याने द्यायचं असतं आणि त्याची पावती मिळत नाही.

पावती मिळाली ती देणगीची, आणि तिने नवंच प्रकरण उभं केलं. या वर्षी पोरीने साहाय्य निधीसाठी पुन्हा अर्ज केला. संगणकाने तो परत पाठवला. शेरा असा: 'अर्जदाराने गतवर्षी विद्यापीठास रु. १,६२,००० इतकी देणगी दिली असल्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात समावेश करता येत नाही.' उद्देशाची ओळ संगणक वाचत नाही. त्याला फक्त शीर्ष कळतं. त्याच सुमारास देणगीदारांच्या स्नेहमेळाव्याचं निमंत्रणही आलं, 'सौजन्याची थाळी' या मथळ्याखाली जेवणाची सोय असल्याचं लिहिलेलं. निदान एका वेळच्या खाणावळीचा प्रश्न सुटला, असं आमची ही म्हणाली.

सेक्रेटरी आता येता-जाता मला म्हणतात, "सांगितलं होतं की नाही? मुदत ठेव केली असती तर आज मुलगी गरीब राहिली असती आणि पैसेवालीही." त्यांचं म्हणणं खोटं नाही. चांगलं वागल्याने चांगलं होतं असं मला कुणाला सांगायचं नाही. बँकेत राहून मी तसली हमी कधी कुठल्याच योजनेची दिली नाही. पण मी भाचीला विचारलं, "हे असं होणार हे आधी ठाऊक असतं तर?"

ती लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाली, "तरी त्यातले माझे कुठे होते, मामा?"

तिने फेरविचाराचा अर्ज दिला आहे. सोबत त्या नऊ जणांनी सह्या करून एक पत्र जोडलं आहे, की ही मुलगी गरीब असल्याचे आम्ही साक्षीदार आहोत. असा दाखला तहसीलदार देत नाही. अर्ज विचाराधीन आहे. मेहुण्यांच्या शेतात अजून बोअर झालेलं नाही. आणि कोपऱ्यातल्या त्या बाई पुढच्या मार्चला निवृत्त होत आहेत असं कळतं, म्हणून भाची म्हणते, "मामा, जे काही व्हायचं ते त्याच्या आत झालेलं बरं."